चार बोटं वर

परवा आमच्याकडे पडद्यांची मापं घ्यायला एक मुलगा आला. मुलाने पुण्याहून फोनवरच सगळं ठरवलं होतं. पावसाळ्यात घसरून पडले तेव्हापासून माझा दिवस बहुतेक समोरच्या खोलीतल्या खिडकीशी खुर्चीत जातो. त्यात रस्त्यापलीकडे जुन्या कौलारू घराच्या जागी तीन मजली इमारत उभी राहिली. तिच्या गॅलरीतून आमची बैठक अगदी नाटकाच्या रंगमंचासारखी दिसते म्हणे! म्हणून मुलाचं आणि सुनेचं एकमत झालं की आईकडे सगळीकडे चांगले, मापाचे, जाड पडदे शिवून घ्यायचे. मुलगा-सुनेचं एकमत इतक्या चटकन होतं तेव्हा आपण बोलण्यात अर्थ नसतो. असो.

तर तो मुलगा आला. हातात टेप, कानाला पेन्सिल, पाठीवरच्या पिशवीत कापडाच्या नमुन्यांची जाडजूड पुस्तकं. खिडक्या झाल्या. मग बैठक आणि मधल्या खोलीच्या मधल्या दाराशी तो उभा राहिला आणि म्हणाला, "आजी, इथं दारालेही लावाचा आहे नं? जमिनीपासून किती वर ठेवू? आम्ही चार बोटं वर ठेवतो. फरशी पुसाले बरं पडते."

चार बोटं वर!

मी त्याला म्हटलं, "बाबा, जरा थांब. चहा घे. दाराचं मग बघू." त्याला वाटलं असेल म्हातारी पैशाचा विचार करते आहे. मी खरं तर साठ-पासष्ट वर्षं मागे गेले होते.

माझं माहेर आर्वी तालुक्यातलं. घर जुनं, मातीच्या भिंतींचं. देशमुखी थाटाचं म्हणायचे, पण माझ्या लहानपणी शेती विकत विकत नुसता थाटच उरला होता. त्या थाटाची मोठी खूण म्हणजे बैठक आणि माजघर यांच्यामधल्या दाराला लटकणारा पडदा. तो जाड पासोडीचा होता. पासोडी हा शब्द आता नातवंडांना समजावून सांगावा लागतो. हाताने कातलेल्या सुताची, हातमागावर विणलेली जाड चादर. मागाचा पन्हा लहान, म्हणून दोन पट्ट्या मधोमध जोडलेल्या. तो पडदा जमिनीपासून चार बोटं वर संपायचा.

त्या चार बोटांतून माझी आजी जग बघायची.

बैठकीत कोणी आलं की आजी पडद्याच्या आतल्या बाजूला, भिंतीला टेकून बसायची. बोलायची नाही. आलेल्या माणसाला तिचं तोंड दिसता कामा नये, आवाजही जाता कामा नये. तिला फक्त पाय दिसायचे. आणि त्या पायांवरून ती माणसं ओळखायची! टाच फाटलेले पाय सोनाराचे, करकर वाजणारा जोडा सावकाराचा, डाव्या अंगठ्याला नख नाही तो तिचा चुलतदीर. आत येऊन ती आईला सांगायची, "तीन झन हायत. एकाच्या पायाले चिखल हाय, लांबून आला वाट्टे. त्याच्यासाठी भाकर टाक." आजोबांनी निरोप पाठवण्याआधीच चूल पेटलेली असायची.

आम्हा मुलांना याची मोठी गंमत वाटायची. ही ओळखण्याची कला तिला का शिकावी लागली, हा विचार मी वर्गात इतिहास शिकवायला लागल्यावर पहिल्यांदा केला.

आता थोडा इतिहास. मास्तरीण आहे, सुटका नाही!

'पडदा' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, आणि येताना दोन अर्थ घेऊन आला. एक अर्थ कापडाचा, दुसरा रिवाजाचा. घरंदाज बाईने परपुरुषासमोर येऊ नये हा तो रिवाज. जयपूरचा हवामहाल तुम्ही पाहिला असेल. १७९९ साली बांधला. त्याच्या दर्शनी बाजूला नऊशेच्या वर झरोके आहेत, ते राजघराण्यातल्या स्त्रियांना न दिसता रस्त्यावरची मिरवणूक बघता यावी म्हणून. दगडात कोरलेला पडदाच तो. लोक समोर उभे राहून फोटो काढतात, मीही काढला आहे. पण आजीच्या चार बोटांपेक्षा त्या झरोक्यांत नक्षी सोडून जास्त काय होतं, सांगा बरं?

या रिवाजाची दखल इंग्रजी कायद्यानेही घेतली. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत १३२ वं कलम आहे. ज्या स्त्रियांना रूढीप्रमाणे चारचौघांत येण्याची सक्ती करता येत नाही, त्यांना कोर्टात स्वतः हजर राहण्यापासून त्यात सूट दिलेली आहे. सूट म्हटली तर सोय. पण आपल्याच जमिनीचा दावा चालू असताना आपण तिथे नसायचं, हीसुद्धा त्याच सोयीची दुसरी बाजू.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. गावातल्या सगळ्या बायका पडद्यात नव्हत्या. कापूस वेचायला जाणाऱ्या, निंदण-खुरपण करणाऱ्या बायांना पडदा परवडतच नव्हता. पडदा म्हणजे 'आमच्या घरच्या बायकांना बाहेर जावं लागत नाही' ही पाटी. आजीच्या दारावरच्या त्या पासोडीचा कापूस उन्हातान्हात वेचलेला, तो उघड्या तोंडाने शेतात फिरणाऱ्या बायांनी. त्यांच्या श्रमाच्या सुताआड आजी बसलेली. कोण जास्त सुखी, हे ठरवण्याच्या भानगडीत मी पडत नाही. दोघींनाही कोणी विचारलं नव्हतं, एवढं नक्की.

मग उन्हाचं काय? आमच्या वर्ध्याचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना सांगायला नको. पारा पंचेचाळिशीच्या पलीकडे जातो. पण उन्हासाठी पडदा नसायचाच. जुन्या घरांच्या खिडक्या लहान, लाकडी दारांच्या. दुपारी दारं लोटली की संपलं. ऐपत असली तर वाळ्याची ताटी बांधायची आणि तिच्यावर पाणी मारायचं. तो वाळ्याचा वास! पुढे कूलर आले आणि ताट्या गेल्या. (कूलर बसवलेल्या खिडकीला पडदा कसा लावायचा, हा वैदर्भीय गृहिणीचा सनातन प्रश्न आहे.) म्हणजे बघा, ऊन अडवायला ताटी होती, माणसं अडवायला दार होतं. कापडाचा पडदा होता तो बाईला अडवायला.

खिडक्यांना कापडी पडदे आपल्या घरांत आले ते बरेच नंतर. सिमेंटची घरं झाली, खिडक्या मोठ्या झाल्या, त्यांना काचा आल्या, तेव्हा. आठवते का ती स्प्रिंग? प्लॅस्टिकचं वेष्टन असलेली, दोन टोकांना दोन हूक. भिंतीत खिळा ठोकायचा, स्प्रिंग ताणून अडकवायची. चार महिन्यांत ती मधोमध झोळीसारखी लोंबायची आणि मग पडदा एका बाजूला सरकवला की सगळा मध्यावर गोळा! जुन्या साडीचे पडदे त्या स्प्रिंगवर मीही पुष्कळ वर्षं लावले.

आता मुद्द्याकडे येते. आमच्या वर्ध्याने या पडद्याला शंभर वर्षांपूर्वी दोन प्रश्न विचारले. पहिला प्रश्न, कापड कुठलं? दुसरा, पडदा कुणासाठी?

पहिल्या प्रश्नाचं कारण आमच्या मातीतच आहे. वर्धा जिल्हा १८६२ साली झाला. १८६७ साली नागपूरपर्यंत रेल्वे पोचली, ती वर्ध्यावरूनच. त्याच्या थोडं आधी, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस विलायतेला मिळेना, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. हिंगणघाटचा कापूस तर जातीनेच 'हिंगणघाट' म्हणून तिकडच्या बाजारात ओळखला जायचा. गाठी मुंबईला जायच्या, मुंबईहून बोटीने लँकेशायरला, आणि तिकडून कापड होऊन आपल्याच अंगावर यायच्या. पुढे हिंगणघाटला आणि पुलगावला गिरण्या निघाल्या खऱ्या, पण कापूस पिकवणाऱ्या घरात विलायती कापड, हे दुखणं राहिलंच.

डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, असहकार ठरला. ३१ जुलै १९२१ ला मुंबईत परळला विलायती कापडाची मोठी होळी झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विनोबा वर्ध्याला आश्रम चालवायला आले. त्यांना आणण्यात पुढाकार जमनालाल बजाज यांचा.

आणि दुसरा प्रश्न विचारला गेला तो त्याच घरात.

जानकीदेवी बजाज यांचा जन्म १८९३ चा, मध्य भारतातल्या जावऱ्याचा. १९०२ साली, म्हणजे वयाच्या नवव्या वर्षी, लग्न होऊन त्या वर्ध्याला आल्या. श्रीमंत मारवाडी घर, कडक पडदा. पण जमनालालजी गांधीजींच्या विचारांकडे ओढले गेले तशा त्याही बदलत गेल्या. आधी अंगावरचे सोन्याचे दागिने उतरवले. १९१९ च्या सुमारास पडदा सोडला. मग रेशीम आणि विलायती कापड जाऊन खादी आली. पुढे १९२७ साली गांधीजींनी 'यंग इंडिया'त पडद्याच्या रूढीवर सडकून लिहिलं आणि १९२८ साली बिहारमध्ये त्याविरुद्ध चळवळच उभी राहिली, पण वर्ध्याच्या त्या घरात हे आधीच घडून गेलं होतं. जानकीदेवींनी नंतर भूदानाचं काम केलं, १९५६ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं, 'मेरी जीवन यात्रा' हे आत्मचरित्र १९६५ साली आलं. १९७९ साली त्या गेल्या.

हे मी दरवर्षी वर्गात शिकवत होते. एकदा खडू हातात असतानाच लक्षात आलं की माझी आजी जवळजवळ जानकीदेवींच्याच वयाची! एकाच जिल्ह्यात दोन बायका. एकीने तोंडावरचा पडदा बाजूला केला, सभांमधून बोलली. दुसरी आर्वीकडच्या एका खेड्यात पाय मोजत बसली. तारखा शिकवताना आपण म्हणतो, अमुक साली अमुक झालं. पण कोणासाठी झालं? एकाच सालात एका घरी पहाट होते आणि काही कोसांवरच्या घरी चाळीस वर्षं उजाडत नाही.

गंमत अशी, की या दोन प्रश्नांपैकी पहिल्यात माझ्या माहेरचा पडदा पैकीच्या पैकी मार्कांनी पास होता! गावचा कापूस, हातचं सूत, गावच्या विणकराचा माग. याहून शुद्ध खादी कुठे मिळेल? आणि दुसऱ्या प्रश्नात साफ नापास. म्हणून मला वाटतं, कापड चांगलं असलं की सगळं चांगलं, असं नसतं. दोन्ही उत्तरं वेगवेगळी तपासावी लागतात.

आमच्या घरी तो पडदा गेला कसा, तेही सांगते. क्रांती वगैरे काही झाली नाही. माझी आई सातवी शिकलेली होती. मी तिसरी-चौथीत असेन, म्हणजे १९५८-५९ साल. दिवाळीच्या आवराआवरीत आईने पडदा धुवायला म्हणून काढला. धुतला, वाळवला, घडी केली आणि पेटीत ठेवला. परत लावलाच नाही! दोन दिवसांनी आजोबांनी विचारलं. आई आतूनच म्हणाली, "वाळला नाही अजून." आठवड्याने पुन्हा विचारलं. "उसवला आहे, शिवायचा आहे." असं करत करत आजोबांनी विचारणं सोडलं. वर्षभराने त्याची गोधडी झाली. तिच्यावर मी झोपले आहे. मधली ती जोडाची शिवण पाठीला टोचायची.

आणि आजी? पडदा गेला तरी बरेच दिवस ती त्या दाराशी येऊन थांबायची. उंबऱ्याच्या आत. हात पुढे करायची, जणू कापड बाजूला सारते आहे. आणि बैठकीत कोणी आलं की शेवटपर्यंत तिची नजर आधी पायांकडेच जायची, मग हळूहळू वर, तोंडाकडे. माझ्या लग्नात माझ्या नवऱ्याचे पाय बघून ती मला म्हणाली होती, "मानूस बरा हाय, टाच सरळ पडते." पन्नास वर्षं झाली. तिचं निदान चुकलं नाही.

हे सगळं त्या मापवाल्या मुलाला मी सांगितलं नाही. चहा संपल्यावर त्याला म्हटलं, "दाराला काही नको." तो बरं म्हणाला. मग त्याने नमुन्यांचं पुस्तक उघडलं. 'ब्लॅकआउट' म्हणजे उजेडाचा कवडसाही आत येऊ न देणारं कापड. झोपायच्या खोलीसाठी मी ते घेतलं. पश्चिमेचं ऊन तिथे भिंत तापवतं आणि यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उजेड सोसत नाही. तिथे त्याचं काम आहे. लेबल बघितलं तर पॉलिस्टर. कापसाच्या जिल्ह्यात पॉलिस्टरचा पडदा! पण सुती कापडाला मागून जाड अस्तर लावूनही तेवढा अंधार होत नाही, हे त्याने मला दोन तुकडे खिडकीशी धरून दाखवलं. पटलं. घेतलं.

समोरच्या खोलीवर मात्र मी अडले. मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "आई, समोरच्या गॅलरीतून सगळं दिसतं. तू दिवसभर तिथे बसतेस. बरं दिसतं का?" मी म्हटलं, "कोणाला बरं दिसतं का?" तो गप्प. मग म्हणाला, "अगं, काळजीने म्हणतो." काळजीनेच म्हणतो, मला ठाऊक आहे. आजोबांनाही काळजीच होती, असं आजी म्हणायची.

माझं म्हणणं एवढंच होतं. शाळा सुटली की पोरं या खिडकीसमोरून जातात. त्यांच्या आया माझ्या विद्यार्थिनी होत्या. "बाई, पाय कसा आहे?" असं ओरडतात. भाजीवाली थांबते. पोस्टमन हात करतो. ते जाड कापड लावलं तर मला काय उरेल? पावलांचे आवाज. म्हणजे आजीच्याही एक पायरी खाली.

शेवटी तडजोड निघाली. मगन संग्रहालयाच्या खादी विक्रीतून कोरी, न रंगवलेली पातळ खादी आणवली. (हे संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते उघडलं, वर्ध्याला आलात तर जरूर बघा.) तिथे वनस्पतींच्या रंगातली खादीही फार सुरेख मिळते, पण सतत ऊन खाणाऱ्या खिडकीला असे रंग विटण्याची भीती, म्हणून मोह आवरला. खिडकी साडेचार फूट रुंद, म्हणजे ५४ इंच. चुण्या नीट पडायला कापड दुप्पट हवं, १०८ इंच. ३६ च्या पन्ह्याच्या बरोबर तीन पट्ट्या. उंची मात्र खिडकीच्या निम्मीच. रॉड मध्यावर, वरची अर्धी खिडकी मोकळी. वर रॉडसाठी नेफा, खाली चार इंच दुमड. आणि महत्त्वाचं म्हणजे शिवण्याआधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळवलं. तीसेक वर्षांपूर्वी हे न करता मी खादीचे पडदे शिवले होते. पहिल्या धुण्यात ते वीतभर आखडले आणि परकरासारखे दिसायला लागले. दोष खादीचा नव्हे, माझा!

मुलाने सुचवलेली एक गोष्ट मी मान्य केली. पातळ पडद्यातून दिवसा आतलं बाहेर दिसत नाही, कारण उजेड बाहेर असतो. रात्री आत दिवा लागला की उलटं होतं, बाहेरचं काही दिसत नाही आणि आपण मात्र सगळ्यांना दिसतो. म्हणून वरच्या बाजूला दुसरा एक रॉड टाकला आहे, रात्रीच्या जाड पडद्यासाठी. दिवेलागणीला तो मी ओढते. सकाळी मीच बाजूला करते. पडद्याची दोरी माझ्या हातात आहे, एवढाच फरक. पण एवढाच फरक आजीला हवा होता.

मुलगा अजून पुरता खूश नाही. दिवाळीत येईल तेव्हा पुन्हा विषय निघेल. निघू दे.

काल दुपारी नव्या पडद्यामागे बसले होते. खाली खादी, वर मोकळी खिडकी. रस्त्यावरून जाणाऱ्यांची फक्त तोंडं दिसत होती, पाय नाही. जरा वेळाने माझंच मला हसू आलं.

तुमच्याकडे जुन्या घरांतल्या पडद्यांच्या, वाळ्याच्या ताट्यांच्या काही आठवणी असतील तर जरूर कळवा. आणि माहेरच्या मंडळींपैकी कोणी हे वाचत असेल तर त्या गोधडीचं पुढे काय झालं, तेवढं सांगा.